मधलं जाळीचं दार

फरीदाबादचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा त्याचा माणूस टेप घेऊन मापं काढायला आला. सगळ्या खोल्या पाहून झाल्यावर तो पॅसेजमध्ये थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ये बीच में जाली का दरवाज़ा क्यों है? बाहर हो तो समझ में आता है, मच्छर के लिए. घर के अंदर?" मी म्हटलं, "कुत्ता-बिल्ली के लिए." त्यानं "अच्छा" म्हटलं आणि तो जिन्याकडे वळला. त्याचं तेवढ्यानं समाधान झालं. मी मात्र त्या दाराच्या कडीला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

त्या घरात आम्ही गेलो ते बाबांच्या हट्टापायी. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर ते रिटायर होईपर्यंत आमचंच होतं, आणि रिटायरमेंटला अजून दोनेक वर्षं होती. पण फरीदाबादच्या सेक्टरमधलं नवं घर रिकामं ठेवलं की नळ चोरीला जातात, हे बाबा अनुभवानं सांगत, कारण आमचे गेले होते. आईचं म्हणणं असं की नळ गेले तर नवे आणू, त्यासाठी माणसांनी कशाला जायचं? आर. के. पुरमला तिच्या मैत्रिणी होत्या. हिवाळ्यात ब्लॉकच्या मागच्या बागेत उन्हाला बसून विणायचं, मटार सोलायचे, कोणाच्या पोरीचं कुठे जमतंय ते बोलायचं, असा तिचा दरबार होता. निम्म्या विदर्भाकडच्या, निम्म्या आमच्यासारख्या मराठवाड्याच्या. फरीदाबादला आमच्या घरासमोर काय होतं, तर सरकारनं आखलेले आणि कोणीच न बांधलेले प्लॉट, त्यांच्या कोपऱ्यांवर रोवलेले पांढरे दगड, आणि माणसाच्या उंचीचं गवत. देश खुला झाला असं पेपरात रोज छापून येत होतं. आमच्या सेक्टरात खुलं होतं ते गटार.

मी नुकतीच नेहरू प्लेसला एका प्रायव्हेट कंपनीत लागले होते. सकाळी चार्टर्ड बसनं जायची, अंधार पडताना परतायची. बाबाही तसेच. दिवसभर घरात आई आणि तिची माऊ.

माऊ आर. के. पुरमच्या जिन्याखाली जन्मलेली, करड्या अंगाची, पांढऱ्या पायांची आणि स्वतःला कोण समजणारी. सामान हलवलं त्या दिवशी ती नव्या रंगीत टीव्हीच्या खोक्यात बसून, आईच्या मांडीवर, ट्रकच्या पुढच्या सीटवरून आली. आई तिच्याशी सतत बोलायची. कुकरची शिट्टी, लाइट गेली, दूधवाल्यानं पाणी घातलं, सगळं तिला सांगायची. मी एकदा हसले तेव्हा आई फणकारली. "हस तू. तू ऑफिसला, हे ऑफिसला. या गावात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोण आहे?"

आणि अशा घरात मोठे काका पश्मी घेऊन आले.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लातूरकडे शेती करणारे. नळ चोरीला गेल्याचं बाबांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं. काकांनी त्यावर उपाय काढला आणि कोणालाही न विचारता तो रेल्वेत, गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत घालून आणला. पश्मी म्हणजे आमच्याकडचा शिकारी कुत्रा. उंच, पोट पाठीला लागलेलं, लांब तोंड, कानांवर रेशमासारखे केस. हा वर्ष-दीड वर्षाचा होता आणि काकांच्या सांगण्याप्रमाणे ससा त्याच्या पुढे टिकत नसे. राखणीला या जातीचा फारसा उपयोग नसतो हे आम्हाला नंतर कळलं. चोर आला तर तो उठून बसेल, बघेल, आणि चोर पळाला तरच मागे लागेल.

काका हॉलमध्ये सोफ्यावर बसून, त्याची दोरी हातात धरून, त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होते. तेवढ्यात माऊ आतून डुलत डुलत आली. पाहुणे आले की त्यांचा वास घेऊन जाणं हा तिचा शिरस्ता होता. कुत्रा दिसल्याबरोबर ती वळली आणि पळाली. पुढचं मला नीट दिसलंच नाही. दोरी, काका आणि सोफ्याची गादी असं सगळं एकदम दाराकडे गेलं, आणि माऊ पडद्याच्या दांडीला लोंबकळत होती.

"बघ, कसा लागला मागं!" काका जमिनीवरूनच कौतुकानं म्हणाले.

आईनं माऊला खाली काढली, पदरात गुंडाळली आणि बाबांकडे बघून बोलली. दिरांकडे बघून ती कधी रागानं बोलत नसे. "अहो, भावजींनी प्रेमानं आणलाय, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मांजराच्या अंगावर एक ओरखडा जरी उठला, तर हा आल्या गाडीनं परत जाईल. तेव्हा मी कोणाचं ऐकणार नाही."

"मान्य," बाबा म्हणाले.

बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. त्यांनी एखाद्या गोष्टीला 'मान्य' म्हटलं की खाली सही झाली असं समजायचं. मला वाटलं होतं, ते उद्याच काकांबरोबर कुत्रा परत पाठवतील. त्यांना घरात कसलीच गडबड खपत नसे. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याला समोरच्या प्लॉटांत घेऊन गेले आणि परत आले तेव्हा शिट्टी वाजवत होते. चांगली, लांबलचक, तोंडानं वाजवलेली शिट्टी. आईनं स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी जन्मल्यापासून बाबांना शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं. काका म्हणाले, "लहानपणी हा शाळेच्या आधी रोज आमच्या पश्मीला घेऊन रानात जायचा. मग गेला दिल्लीला." एवढं बोलून ते बशीत चहा ओतायला लागले.

म्हणजे कुत्रा राहणार होता. आणि माऊ मरू द्यायची नव्हती. हा प्रश्न बाबांनी सरकारी कामासारखा हातात घेतला.

प्रथम त्यांनी नुसतं बघितलं. सुट्टीच्या दिवशी खुर्चीच्या पायाला कुत्रा बांधून ते बसत, आई माऊला घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला. बाबांच्या लक्षात आलं की पश्मीला माऊचा राग नाही. तो तिच्यावर भुंकत नसे, गुरगुरत नसे. ती बसली असली तर तो जांभई देई. ती चालायला लागली की मान खाली घाली आणि एकदम गप्प होई, डोळे तिच्यावर खिळलेले, अंगावरचा केस हलत नसे. आणि ती पळाली की तो आमचा कुत्रा राहत नसे, कोणीतरी वेगळाच होई. "भुंकणारा कुत्रा परवडला," बाबा म्हणाले. "हा गप्प झाला की समजायचं."

मग सुतार आला आणि पॅसेजच्या मधोमध जाळीचं दार बसलं. मागची खोली आणि व्हरांडा पश्मीचा, पुढचं घर माऊचं. दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन बाजूंना, आधी लांब, मग दररोज वीतभर जवळ. पश्मीनं माऊवरून नजर काढून बाबांकडे पाहिलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आई म्हणायची, "मला लग्नात एवढी अंडी कोणी खाऊ घातली नाहीत." सकाळ-संध्याकाळ त्याला प्लॉटांतून दमेपर्यंत पळवायचं, तेही लांब दोरीवर, कारण सशामागे लागला तर तो पुढच्या बल्लभगढ गावापर्यंत गेला असता. दमून आलेला पश्मी शहाणा असे. आणि पुढच्या घरात प्रत्येक खोलीत, माणसाच्या डोक्याच्या वर, बाबांनी माऊला चढून बसायला एकेक फळी ठोकून घेतली. आईला त्या फळ्या बघून रडू यायचं बाकी होतं. "नव्या घराच्या भिंती! रेशन दुकान केलंय याचं." हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीची फळी आधीपासूनच होती. माऊनं घरभरच्या नव्या फळ्या नाकारून तीच पसंत केली. मूर्तीच्या शेजारी पाय दुमडून, डोळे अर्धवट मिटून बसायची. आई तिला हाकलायला गेली तर बाबा म्हणाले, "असू दे गं. त्यांची काही हरकत दिसत नाही."

काही महिन्यांनी अशी वेळ आली की हिवाळ्यात हीटरपुढे पश्मी आडवा पसरलेला आणि माऊ त्याच्यापासून हातभर अंतरावर पाय चाटत बसलेली. शेजारच्या पंजाबी आंटी बघून गहिवरल्या. "देखो जी, भाई-बहन हो गए! अब खोल दो बेचारे को." बाबांनी पायाखाली दाबलेली दोरी दाखवली आणि हसून म्हणाले, "बहनजी, आदत पड़ी है. स्वभाव वही है." माणूस समोर असल्याशिवाय त्या दोघांना एका खोलीत कधीच ठेवायचं नाही. कितीही प्रेमात दिसले तरी नाही. यात सूट नव्हती.

आणि यासाठी बाबांनी चार्जची पद्धत आणली. ऑफिसात एकाच्या जागी दुसरा आला की चार्ज देतात-घेतात, तशी. पश्मी कोणाच्या जबाबदारीवर आहे हे घरात कायम ठरलेलं असे. ज्याच्याकडे चार्ज त्यानं जाळीचं दार बघायचं, दोरी बघायची. त्याला उठायचं असेल तर दुसऱ्याला हाक मारायची, आणि दुसऱ्यानं मोठ्यानं "घेतला" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. मान हलवलेली चालत नसे. "हो हो" चालत नसे. सुरुवातीला मला याचं इतकं हसू यायचं! मी आंघोळीला जाताना टॉवेल खांद्यावर टाकून ओरडायची, "आई, चार्ज घे!" आणि आई कणकेच्या हातांनी ओरडायची, "घेतला!" मैत्रिणींचा फोन चालू असला की त्या विचारायच्या, तुमच्याकडे काय चाललंय? पण सवय अशी लागली की अजूनही मी घराबाहेर पडताना कोणाच्या तरी 'घेतला'ची वाट बघते.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. माऊच्या अंगावर ओरखडा उठला नाही.

बाबा रिटायर झाले तो दिवस उन्हाळ्याचा होता. ऑफिसची मंडळी रीतीप्रमाणे त्यांना घरी पोचवायला आली. हार, लाडूंचे डबे, शाल, आणि कोणीतरी हौसेनं बरोबर घेतलेला ढोलवाला. आईनं खीर केली होती. मी रजा घेतली होती. पश्मी मागच्या खोलीत, माऊ हॉलमध्ये खुर्चीवर. चार्ज आईकडे होता. बाबा आत आले, गळ्यात झेंडूचे हार, चेहरा थोडा हरवल्यासारखा. ते सरळ पॅसेजमध्ये जाऊन जाळीपाशी उभे राहिले. पश्मीनं जाळीतून त्यांच्या हाराचा वास घेतला. बाबांनी आईला सांगितलं, "जा तू, खीर वाढ. घेतला." आई स्वयंपाकघरात गेली.

बाबांच्या जागी सेक्शनमध्ये जो तरुण अधिकारी येणार होता तो त्यांच्या मागोमाग पॅसेजमध्ये आला. मागच्या व्हरांड्यातल्या बेसिनवर त्याला हात धुवायचे होते. भला मुलगा, बाबांचा खूप मान ठेवणारा. तेवढ्यात फाटकापाशी गलका झाला, "सर, एक फोटो! सर, बाहर आइए!" बाबांनी दिवसभर चार्जच दिला होता. फायली दिल्या, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, त्याच मुलाकडे सगळं दिलं. आता जाळीच्या कडीवर हात ठेवून ते हसत म्हणाले, "लो भई, ये चार्ज भी ले लो."

तो मुलगाही हसला. सरांचा विनोद. "ले लिया, सर!"

आणि बाबा निघून गेले. मोठ्यानं 'घेतला' म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, आता जागेवर उभं राहायचं कारण नव्हतं. तो बिचारा हात धुवायला आत गेला आणि जाळीचं दार त्यानं मागे नुसतं लोटलं. दार आहे तसं लोटलं, त्यात त्याचं काय चुकलं? त्याच क्षणी फाटकापाशी ढोल सुरू झाला.

माऊनं जन्मात ढोल ऐकला नव्हता. ती खुर्चीवरून उडाली आणि हॉलमधून पळत सुटली. मी लाडूंचा डबा धरून उभी होते. मला जाळीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि एक पिवळट पट्टा माझ्या गुडघ्याजवळून गेला. पश्मीनं आवाज म्हणून केला नाही. माऊ टीव्हीवर, टीव्हीवरून मूर्तीच्या फळीवर. पश्मी मागच्या पायांवर उभा राहून तिथपर्यंत पोचला. एक किंचाळी. मी डबा टाकला आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळले. आई खिरीच्या वाट्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो हळूच खाली ठेवला.

माऊच्या शेपटीचं टोक गेलं होतं. फळीवर, मूर्तीच्या पायांशी, रक्ताचे थेंब होते. फळी वीतभर खाली असती तर शेपटीवर भागलं नसतं.

मंडळी खीर न खाताच निघून गेली. तो मुलगा रडवेला होऊन माफी मागत होता आणि बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "आपकी कोई ग़लती नहीं." जनावरांच्या डॉक्टरनं माऊची शेपटी बांधून दिली. घरी आल्यावर आई तिला मांडीवर घेऊन बसली. बाबांनी हार काढून खुंटीला अडकवले. पश्मी जाळीमागे शेपूट हलवत बसला होता. त्याला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा पँट-शर्ट घालून तयार होते. कुठे जायचं नव्हतं, तरी ऑफिसचेच कपडे. त्यांच्या हातात ऑफिसची चामड्याची बॅग होती. तिच्यातून त्यांनी डबा, चष्म्याचं घर, पेन काढून टेबलावर ठेवलं होतं आणि आत पश्मीची ताटली, काकांनी आणलेली जुनी दोरी आणि फडक्यात बांधलेली उकडलेली अंडी भरत होते. मला म्हणाले, "काकांना फोन लावून दे. म्हणावं, उद्या संध्याकाळी याला घ्यायला स्टेशनवर या." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. मला इतका राग आला त्या सरळपणाचा! भांडायचं तरी, विनवायचं तरी आईला. पण त्यांनी मान्य म्हटलं होतं.

मी आईकडे पाहिलं. ती माऊला चमच्यानं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

"अहो, काल चार्ज कोणाकडे होता?"

"माझ्याकडे," बाबा म्हणाले.

"त्या पोराकडे नव्हता?"

"नाही. तो घरचा नाही. माझ्याकडेच होता."

"मग बदली व्हायची तर तुमची व्हायला पाहिजे. त्याची कशाला करताय?"

बाबा बॅग धरून तसेच उभे राहिले. आईनं चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेली होती, दोन्ही एकदम. "आल्या गाडीनं परत पाठवीन म्हटलं होतं मी. अजूनही म्हणते, माझ्या मांजराचं शेपूट खाल्लंय त्यानं. पण उद्यापासून तुम्हाला पहाटे उठायला या घरात दुसरं कारण काय आहे, ते सांगा मला. ऑफिस तर संपलं. इथं एकट्यानं दिवस काढणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं काढलीत मी."

बाबांनी बॅगेतून ताटली काढली आणि मागच्या खोलीत तिच्या जागेवर नेऊन ठेवली. ती ठेवताना जरा वाजली. मग बाहेर येऊन म्हणाले, "उशीर झाला आज त्याला न्यायला."

"मग जा ना," आई म्हणाली. "आणि दार लावून जा."

ते गेले. समोर प्लॉटांतल्या गवतात त्यांचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसत राहिला. आई उठली, पॅसेजमध्ये जाऊन तिनं जाळीचं दार ओढून पाहिलं, कडी घातली, पुन्हा एकदा ओढून पाहिलं. तिकडून शिट्टी ऐकू आली, अर्धवट, मग नीट.

"घेतला," आई मोठ्यानं म्हणाली. बाबा इतके लांब होते की त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.